पालीचे पिलू आणि खानदेशचा उन्हाळा

सरपटणाऱ्या प्राण्यांचा पाठ सुरू झाला की हल्ली वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, असे अनेक शिक्षक सांगतात : “सर, पाल पाळता येते का?” पंचवीस-तीस वर्षांपूर्वी या प्रश्नावर सगळा वर्ग हसला असता. आज मुलांनी मोबाइलवर पिवळ्या अंगाची, काळ्या ठिपक्यांची, तळहातावर शांत बसलेली पाल पाहिलेली असते. तिला डोळे मिटता येतात, ती हसल्यासारखी दिसते, आणि मुलांना ती हवीहवीशी वाटते.

हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. पालीच्या पिलाला राहायला काय लागते, खायला काय लागते, याचे उत्तर नीट शोधू गेले तर उष्णता, बाष्पीभवन, हाडांची घडण, अन्नसाखळी असे विज्ञानाचे अर्धे पुस्तक उलगडावे लागते. शिवाय जळगाव-धुळ्याकडच्या शिक्षकांना या प्रश्नाचे उत्तर परदेशी पुस्तकातून जसेच्या तसे उचलता येत नाही. त्या पुस्तकात पहिली सूचना असते, “पिलाला ऊब द्या”. आपल्याकडे मे महिन्यात ही सूचना पाळली तर पिलू एका दुपारीत मरेल.

कोणती पाल?

जगभर जी पाल पाळली जाते ती म्हणजे लेपर्ड गेको. तिचे शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशात ती मूळची राहणारी. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. बंदिस्त जागेत तिच्या अनेक पिढ्या वाढल्या असल्याने तिच्या गरजांविषयी आपल्याला बरीच नेमकी माहिती आहे. म्हणून या लेखातले आकडे मुख्यतः तिचे आहेत.

आपल्या भिंतीवरच्या पालीपेक्षा ती दोन बाबतींत वेगळी. एक, तिला हलणाऱ्या पापण्या असतात. भिंतीवरच्या पालीला त्या नसतात, म्हणून ती जिभेने डोळा चाटून स्वच्छ करते. दोन, लेपर्ड गेकोच्या बोटांखाली चिकटणाऱ्या गाद्या नसतात. ती जमिनीवर चालणारी पाल आहे, तिला काचेवर चढता येत नाही. अंड्यातून निघालेले पिलू जेमतेम ३ ग्रॅम वजनाचे आणि ७-८ सेंटीमीटर लांबीचे असते. अंगावर ठिपके नसतात, गडद आडवे पट्टे असतात. वाढता वाढता ते तुटून ठिपके होतात. पूर्ण वाढलेली पाल २० ते २५ सेंटीमीटर भरते आणि चांगली निगा राखली तर १५ ते २० वर्षे जगते. शेवटचा आकडा मुलांना आवर्जून सांगावा. पाचवीतल्या मुलाने आज पिलू आणले तर ते मूल शिक्षण संपवून नोकरीला लागेल तेव्हाही पालीला रोज पाणी द्यावे लागेल.

घर म्हणजे निवड

पालीच्या शरीरात आपल्यासारखी उष्णता तयार करणारी भट्टी नाही. शरीराचे तापमान ती जागा बदलून सांभाळते. थंडी वाटली तर तापलेल्या दगडावर पोट टेकते, गरम झाले तर बिळात जाते. या काटकसरीचा मोठा फायदा असा की तेवढ्याच वजनाच्या उंदराला लागते त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जेवर तिचे भागते. तोटा असा की अन्नाचे पचन, वाढ, जखम भरणे या सगळ्या क्रिया बाहेरच्या तापमानाच्या हाती राहतात. रासायनिक क्रियांचा वेग १० अंशांनी तापमान उतरले की ढोबळ मानाने निम्मा होतो. गारठलेल्या पिलाने पोटभर खाल्ले तर ते अन्न पचण्याऐवजी पोटात कुजू लागते.

तापमानाची सत्ता अंड्यापासूनच चालते. लेपर्ड गेकोची अंडी सुमारे २६ अंश सेल्सिअसला उबवली तर बहुतेक माद्या निघतात. ३२-३३ अंशांना बहुतेक नर. आणि ३४ अंशांच्या पुढे पुन्हा बहुतेक माद्या. नर की मादी हे या प्राण्यात गुणसूत्रे ठरवत नाहीत, अंड्याभोवतीची ऊब ठरवते.

तेव्हा पालीच्या घराचे पहिले लक्षण म्हणजे दोन टोकांना दोन तापमाने. उबदार टोकाला जमिनीचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २४ ते २६ अंश, आणि दोन्ही टोकांना लपायला जागा. कुठे बसायचे ते पिलू ठरवील. लपण्याची जागा एकच ठेवली तर भित्रे पिलू सुरक्षिततेसाठी ऊब सोडते किंवा उबेसाठी सुरक्षितता सोडते, आणि दोन्ही बाबतींत खाणे कमी करते.

पेटी कशी असावी?

एका पिलाला ४५ सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच पेटी पुरते. मोठ्या पालीला ९० सेंटीमीटर लांबीची लागते. तीन बाजू लाकडी आणि समोर काच ही रचना आपल्या हवामानाला पूर्ण काचेच्या पेटीपेक्षा बरी. वर बारीक जाळीचे झाकण हवे. पिलू काच चढणार नाही, पण मांजर आत येऊ शकते. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. आपल्याकडे दुधाच्या पातेल्याला जो धोका तोच पालीच्या पिलाला : मुंग्या.

तळाशी वाळू घालू नये. पिलू किड्यावर झेप घेताना वाळूही गिळते आणि ती आतड्यात साचून अडथळा होतो. कोरा कागद अंथरावा आणि रोज बदलावा. वर्तमानपत्र चालेल, मात्र त्यावर पाणी सांडू देऊ नये. लपण्यासाठी बाजारातून काही आणायला नको. जुन्या घराचे कौल किंवा फुटक्या माठाचे खापर पालथे ठेवले की झाले. तिसरे खापर असे ठेवावे की त्याखाली ओलसर कापड राहील. पिलू दर एक-दोन आठवड्यांनी कात टाकते आणि बहुधा ती खाऊनही टाकते. हवा फार कोरडी असेल तर बोटांच्या टोकांवर कातीची कडी अडकून राहतात, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गळून पडते. ओलसर खापराने हे टळते. पाण्यासाठी बाटलीचे झाकण पुरे. खोल वाटीत पिलू बुडू शकते.

एका पेटीत दोन पिले ठेवू नयेत. दणकट पिलू दुबळ्याचे खाणे पळवते, प्रसंगी शेपटीचा चावा घेते. शेपटी हे या पालीचे कोठार आहे, चरबीचा साठा तिथे असतो. भीतीने तुटलेली शेपटी पुन्हा उगवते. पण नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची दांडी असते. आणि साठा मात्र गेलेला असतो. म्हणून पिलाला वरून पकडायचे नाही, शेपटीला तर मुळीच हात लावायचा नाही.

पुस्तकातली ऊब आणि आपला मे महिना

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पाली पाळण्यावरची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत. तिथे खोलीचे तापमान २० अंश असते आणि पेटीचे एक टोक तापवण्यासाठी दिवा किंवा विजेची उष्णतापट्टी लावावी लागते. खानदेशात ही गरज फक्त हिवाळ्यात पडते. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याला काही रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. त्या दिवसांत पेटीच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, बाहेरच्या बाजूने, उष्णतापट्टी लावावी आणि तिला तापमान नियंत्रक असलाच पाहिजे. नियंत्रक नसलेली पट्टी वा दिवा पिलाचे पोट भाजतो. रात्री वीज गेली तर हवेसाठी फट ठेवून पेटीवर गोधडी टाकावी. आतली ऊब काही तास टिकते.

मे महिन्यात प्रश्न उलटा होतो. तापीच्या खोऱ्यात दुपारचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखालची खोली याहूनही तापते. चाळिशीच्या पुढची उष्णता पिलाला फार वेळ सोसत नाही, आणि पेटीत बीळ नसल्याने त्याला पळायला जागा नसते. आता उबदार टोक करायची गरजच उरत नाही. खोली स्वतःच उबदार टोक झालेली असते. कष्ट करायचे ते थंड टोकासाठी.

या कामी आपल्याला निसर्गाने एक साधन दिले आहे. आपला उन्हाळा कोरडा आहे. पाण्याचा एक ग्रॅम वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. माठातले पाणी गार होते आणि कूलर चालतो तो याच हिशेबावर. हवा ४३ अंश तापलेली असेल आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात २२-२३ अंश दाखवतो. म्हणजे फडक्याभोवती २० अंशांचा उतार मिळाला! पेटीत एवढा मिळणार नाही, पण झाकणाच्या अर्ध्या भागावर ओले गोणपाट टाकले आणि हवा खेळती ठेवली, तर एका टोकाचा ताप पुष्कळ उतरतो. पेटी तळमजल्यावर, आतल्या खोलीत, जमिनीवर ठेवावी. हीच युक्ती जुलैत चालत नाही. तेव्हा हवा २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर ओला तापमापक फक्त दोनेक अंश खाली येतो. त्या दिवसांत ओले गोणपाट पेटीला बुरशी तेवढी देईल. दोन तापमापक आणि एक चिंधी एवढ्या सामग्रीवर हा प्रयोग वर्गात मे आणि जुलै सोडूनही कोणत्याही महिन्यात करता येतो.

एक गोष्ट कोणत्याही ऋतूत करू नये : काचेची पेटी उन्हात ठेवणे. काच सूर्यप्रकाश आत घेते आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. थोड्या मिनिटांत आतले तापमान जीवघेणे होते. ऊन अंगावर पडल्याचा जो दुसरा फायदा, तोही काचेतून मिळत नाही. तो कोणता, हे खाण्याच्या ओघात पाहू.

काय खायला द्यावे?

लेपर्ड गेको फक्त जिवंत, हलणारे भक्ष्य खाते. पोळीचा तुकडा, भात, फळ, दूध यांतले काही तिला चालत नाही. अंड्यातून निघाल्यावर पहिले काही दिवस पिलू काहीच खात नाही. बलकाचा उरलेला अंश पुरतो. पहिली कात टाकून झाली की ते शिकार करू लागते.

सर्वांत सोयीचे भक्ष्य म्हणजे रातकिडा. आकाराचा नियम सोपा आहे : किड्याची जाडी पिलाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. पिलाला रोज संध्याकाळी, दहा-पंधरा मिनिटांत संपतील एवढे, साधारण पाच-सात किडे द्यावेत. मोठ्या पालीला दोन-तीन दिवसांआड पुरते. उरलेले रातकिडे पेटीतून काढून घ्यावेत. भुकेला रातकिडा झोपलेल्या पिलाची कातडी कुरतडतो. शिकार शिकाऱ्यावर उलटते ती अशी.

रातकिडे घरी वाढवता येतात. झाकणाला जाळी लावलेला मोठा डबा, त्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, खायला कोंडा आणि गाजराचे तुकडे, अंडी घालायला ओलसर वाळूची वाटी. ३० अंशांच्या आसपास अंडी दहा-बारा दिवसांत फुटतात आणि दीड-दोन महिन्यांत रातकिडे प्रौढ होतात. पालीला देण्यापूर्वी चोवीस तास त्यांना गाजर, पालेभाजी पोटभर खाऊ घालावी. पाल किडा खाते तेव्हा किड्याच्या पोटातलेही खाते.

मुले विचारतील, “शेतात एवढे किडे असताना वाढवायचे कशाला?” खानदेशात याचे उत्तर फार महत्त्वाचे आहे. आपला मुलूख कापसाचा आणि केळीचा. कापसावर बोंडअळीसाठी, तुडतुड्यांसाठी फवारणी होते. फवारलेल्या शेतातला जो किडा मंद झालेला, सहज हाती लागणारा असतो, तोच विषाने अर्धमेला झालेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ३ ग्रॅमच्या पिलाला असे थोडे किडेही घातक ठरू शकतात. स्वयंपाकघरातल्या झुरळांचेही तेच. कुणी कुठे औषध मारले आहे ते सांगता येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर चमकणारे काजवेही देऊ नयेत. काजव्यांच्या काही जातींच्या अंगात हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि पाळीव सरडे एका काजव्याने मेल्याच्या नोंदी आहेत.

पिलू वाढते आहे की नाही हे नजरेने कळत नाही, वजनाने कळते. आठवड्यातून एकदा, डब्यात ठेवून, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर वजन करावे. सोन्यासाठी नावाजलेल्या जळगावात असा काटा मिळायला अडचण नाही! वजन आणि आठवडे यांचा आलेख सलग दोन-तीन आठवडे खाली आला, तर आधी तापमान तपासावे, मग खाणे.

खडू, चुना आणि अंड्याचे टरफल

रातकिडे पोटभर खाऊनही पिलू लुळे पडू शकते. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, पाठीला पोक येते. हा पालीचा मुडदूस. त्याचे कारण असे : हाडांसाठी आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावे लागते. रातकिड्यात प्रमाण उलटे असते. कॅल्शियम फॉस्फरसच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्श्याइतके. रक्तातले कॅल्शियम कमी पडले तर स्नायू आणि हृदय चालणार नाही. म्हणून शरीर हाडे पोखरून कॅल्शियम रक्तात आणते. रानात पाल अनेक प्रकारचे किडे खाते आणि तिला थोडे ऊनही मिळते. पेटीत ही भरपाई आपण करायची.

उपाय स्वस्त आहे. किडे देण्याआधी बारीक कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीत घोळावेत. ही भुकटी कुठून आणायची यावर वर्गात छान चर्चा होईल. कुणीतरी म्हणेल खडू, कुणी म्हणेल पानाचा चुना. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो दाहक आहे, पिलाचे तोंड भाजेल. फळ्यावरचे साधे खडू बहुतेक जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात. अंड्याचे टरफल मात्र जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. ते उकळून, वाळवून, वस्त्रगाळ करावे. खात्री हवी असेल तर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. टरफलावर फसफसून बुडबुडे येतील, जिप्समच्या खडूवर येणार नाहीत. एक पाल न पाळताही हा तास रंगतो.

पण नुसते कॅल्शियम पोटात जाऊन भागत नाही. आतड्यातून ते शोषले जाण्यासाठी ड-३ जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीत तयार होते सूर्यप्रकाशातल्या जंबुपार किरणांच्या ‘ब’ पट्ट्यामुळे. साधी काच हाच पट्टा अडवते. काचेआडच्या उन्हाचा दुसरा फायदा मिळत नाही असे वर म्हटले, तो हा. म्हणून पेटीत ठेवलेल्या पिलाला ड-३ मिसळलेली भुकटी पशुवैद्याने सांगितलेल्या प्रमाणात द्यावी किंवा या किरणांचा सौम्य दिवा लावावा. हे जीवनसत्त्व जास्त झाले तरी अपाय होतो, म्हणून अंदाजाने देऊ नये.

आणखी एक नियम माणसांसाठी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाल निरोगी दिसते, माणसाला मात्र जुलाब आणि ताप येतो. पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, पेटीची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना पालीपासून दूर ठेवावे. ‘पाल पडलेले दूध विषारी’ ही समजूत कुठून आली असेल, याचाही यात थोडा उलगडा आहे. आपल्या कोणत्याही पालीला विष नाही. पण ते दूध फेकून देणे हेच शहाणपणाचे.

सातपुड्यातली बहीण

इथवर वाचून एखादा उत्साही विद्यार्थी म्हणेल, “अशी पाल तर आमच्या डोंगरात असेल!” त्याचे म्हणणे चुकीचे नाही. जिला २०१४ मध्ये शास्त्रात नवी जात म्हणून नाव मिळाले, ती लेपर्ड गेकोची सख्खी बहीण आपल्या उत्तरेला उभ्या असलेल्या पर्वताच्याच नावाने ओळखली जाते : युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस. झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे वर्णन केले. २०१७ मध्ये मिर्झा आणि डेव्हिड राजू यांनी सातपुड्याच्याच खडकांतून भिंतीवरच्या पालीच्या गोत्रातली आणखी एक जात नोंदवली आणि तिला हिंदीतले साधे घरगुती नाव दिले : हेमिडॅक्टिलस छिपकली. यावल अभयारण्य आणि अनेर धरण अभयारण्य ज्या डोंगररांगेच्या कुशीत आहेत, तिच्यात अजून किती न मोजलेले जीव असतील याची यावरून कल्पना यावी.

जाड शेपटीच्या, पट्ट्यांच्या या पाली विषारी समजून ठेचून मारल्या जातात. विष त्यांना मुळीच नाही. मुलांनी त्यांना मारू नये हे सांगतानाच, त्यांना पकडून आणू नये हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राणी पकडणेही येते. या कायद्याची परिशिष्टे २०२२ च्या दुरुस्तीने नव्याने मांडली गेली आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. रानातली कोणतीही पाल शाळेत आणायची नाही, घरात शिरलेली असेल तर वनविभागाला कळवायचे, आणि विकत मिळणाऱ्या पालीबाबतही आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारायचे, एवढे पथ्य शाळेने पाळावे.

मग सातपुड्यातली ही पाल मे महिन्यात जगते कशी? तिच्याजवळ आपल्या पेटीत नसलेली एक गोष्ट आहे : खोली. जमिनीत खाली जावे तसा दिवस-रात्रीच्या तापमानातला चढउतार झपाट्याने विरतो. साधारण मातीत दर १० सेंटीमीटरला तो जवळपास एक तृतीयांश उरतो. समजा पृष्ठभागावर पहाट आणि दुपार यांत ३० अंशांचा फरक आहे. १० सेंटीमीटरवर तो ११ अंशांच्या आसपास राहील, २० वर ४ आणि ३० सेंटीमीटरवर फक्त दीड. फूटभर खोल फटीत बसलेल्या पालीला वर दुपार झाली हे जवळजवळ कळतही नाही. शाळेच्या आवारात वेगवेगळ्या खोलीची तीन छिद्रे करून, त्यांत तापमापक सोडून, दर दोन तासांनी मुलांना नोंद घेऊ द्यावी. आलेख स्वतःच बोलेल.

भिंतीवरचा वर्ग

शाळेत पेटी ठेवावी का, या प्रश्नाचे माझे उत्तर बहुतेक शाळांसाठी ‘नको’ असे आहे, आणि त्याचे कारण वेळापत्रकात आहे. खानदेशात पालीच्या पिलाला सर्वांत जास्त काळजी लागते ती मे महिन्यात, आणि नेमक्या त्याच महिन्यात शाळेला कुलूप असते. दिवसातून दोनदा गोणपाट ओले करायला, रातकिड्यांना गाजर घालायला तेव्हा कोण येणार? याचे उत्तर नावानिशी देता येत नसेल तर पिलू आणू नये. घरी पाळू इच्छिणाऱ्या मुलाच्या पालकांनाही हाच प्रश्न विचारावा. सुटीत आजोळी जाताना पेटी कुणाकडे देणार?

पण पालीचे पिलू पाहायचे तर पेटीच लागते असे नाही. व्हरांड्यातल्या दिव्यामागे, फळ्याच्या चौकटीमागे, विजेच्या मीटरमागे पाल टणक कवचाची दोन पांढरी अंडी घालते. ती हलवू नयेत. उलटीपालटी केली तर आतला गर्भ दगावू शकतो. अंडी दिसल्याची तारीख लिहून ठेवावी, पिले निघाल्याची तारीख लिहावी, रोजचे कमाल आणि किमान तापमान त्याशेजारी लिहावे. मार्चमधली अंडी लवकर फुटतात की ऑगस्टमधली? दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की उत्तर तुमच्याच वहीत असेल.

भिंतीवरच्या पिलाने घर कसे निवडले आहे तेही पाहावे. चौकटीमागची फट हे त्याचे खापर, उन्हाने तापलेली पश्चिमेची भिंत हे उबदार टोक, दिव्याखालचा प्रकाशाचा गोल हे खाण्याचे ताट. रोज संध्याकाळी साडेसातला, एकाच दिव्याखाली, पाली किती आणि त्यांनी पंधरा मिनिटांत किती वेळा झेप घेतली हे मोजावे. ट्यूबलाइट काढून एलईडी दिवा लावला की किडे कमी येतात का? किडे कमी आले तर पाली दिवा बदलतात का? थंडीत पाली दिसेनाशा होतात ते किती अंशांच्या खाली? हे प्रश्न सोपे दिसतात, पण आपल्या गावापुरती त्यांची उत्तरे कुणी मोजून ठेवलेली नसतात. ती मोजायला लागते एक वही, एक तापमापक आणि संध्याकाळची पंधरा मिनिटे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा नोंदीला सुरुवात करता येईल. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्यांची गर्दी होते, आणि त्या संध्याकाळी भिंतीवरचे प्रत्येक पिलू पोट फुगेपर्यंत जेवते.